पांढऱ्या पेशी वाढल्या, तरी प्रतिकारशक्ती का घटते?

"पांढऱ्या पेशी तर वाढल्यात, मग अंगात ताकद का नाही?" घरात कुणाला रक्ताचा कर्करोग निघाला की नातेवाईक रिपोर्ट हातात घेऊन आम्हाला हाच प्रश्न विचारतात. प्रश्न रास्त आहे. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात, हे आपण शाळेत शिकलो. मग त्या वाढल्यावर माणूस आजारी का पडतो, हे आज समजून घेऊ.

रक्ताच्या पेशी हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होतात. त्यातल्या पांढऱ्या पेशी एकाच प्रकारच्या नसतात. न्यूट्रोफिल पेशी जंतू दिसताच धावून जातात आणि त्यांना गिळतात. बी-पेशींपासून प्लाझ्मा पेशी होतात व त्या प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज बनवतात. टी-पेशी विषाणू शिरलेल्या पेशी ओळखून मारतात. काही टी-पेशींचे काम तर लढाई वेळेवर थांबवण्याचे असते. प्रत्येकीचे प्रमाण ठरलेले असते. त्या प्रमाणावरच आपली प्रतिकारशक्ती उभी असते.

रक्ताच्या कर्करोगात हेच प्रमाण मोडते. ल्युकेमियाच्या तीव्र प्रकारात अस्थिमज्जेत अर्धवट वाढलेल्या पेशी भराभर तयार होतात. त्यांना 'ब्लास्ट' म्हणतात. त्या ना जंतू गिळतात, ना प्रतिपिंडे बनवतात. फक्त जागा अडवतात. चांगल्या पेशींना वाढायला वाव उरत नाही. तांबड्या पेशी घटल्याने दम लागतो, प्लेटलेट घटल्याने हिरड्यांतून रक्त येते आणि न्यूट्रोफिल घटल्याने ताप वारंवार येतो.

रिपोर्टवर हे कसे दिसते? निरोगी मोठ्या माणसाच्या एका मायक्रोलीटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. समजा एकूण ७,००० आहेत आणि त्यात न्यूट्रोफिल ६० टक्के. म्हणजे ४,२०० लढणाऱ्या पेशी झाल्या. आता रुग्णाच्या ६०,००० पेशी आहेत, पण न्यूट्रोफिल १ टक्काच. म्हणजे ६०० फक्त. आकडा मोठा, पण राखण करणारे थोडे. न्यूट्रोफिल १,००० च्या खाली गेले की धोका वाढतो. ५०० च्या खाली गेले तर साधा जंतूही जिवावर बेतू शकतो.

मायलोमा या कर्करोगात प्लाझ्मा पेशी बेसुमार वाढतात आणि एकाच निरुपयोगी प्रकारचे प्रतिपिंड बनवत बसतात. उपयोगाची प्रतिपिंडे मात्र कमी पडतात, म्हणून न्यूमोनिया पुन्हापुन्हा होतो. काही रक्त-कर्करोगांत टी-पेशी सतत लढून थकतात, तर लढाई थांबवणाऱ्या पेशी वाढतात. कर्करोगाला त्यामुळे मोकळे रान मिळते. त्यातच केमोथेरपीने चांगल्या पेशीही काही दिवस घटतात. बऱ्याच औषधांनंतर दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्या सर्वांत कमी असतात.

म्हणून घरच्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. रुग्णाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर ती तातडीची वेळ आहे. मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठावे. 'गोळी देऊन सकाळपर्यंत बघू' असे करू नये; गोळीने ताप दबतो, जंतू मरत नाहीत. घरात थर्मामीटर हवाच.

बाकी काळजी आपल्या हातातली आहे. जेवणापूर्वी आणि संडासहून आल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. पाणी उकळून गार केलेले द्यावे, अन्न ताजे व शिजलेले. गाडीवरची कापलेली फळे नकोत. खोलीतली ओल आणि बुरशी काढावी, पण ते काम चालू असताना रुग्णाला दुसरीकडे ठेवावे. सर्दी-खोकला असलेल्यांनी भेटायला येऊ नये. प्रेम असेल तर फोन करावा. कोणतीही लस डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

आणि रुग्णाचे ताट-पेला वेगळा काढू नका. रक्ताचा कर्करोग शिवल्याने होत नाही. आपल्याला त्याच्यापासून धोका नाही, त्याला आपल्या जंतूंपासून आहे.

हा आजार म्हणजे शेवट नव्हे. लहान मुलांमधला तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया पूर्ण उपचार घेतल्यास बहुतेकदा बरा होतो. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना कर्करोग ओळखायला लावून परत सोडण्याचा 'कार-टी' उपचार आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आपल्याकडेही तयार झाला. त्याला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. खर्चाच्या भीतीने थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. शिधापत्रिका व आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

दोन आठवड्यांहून जास्त ताप, अंगावर निळे डाग, मानेत-काखेत गाठी किंवा वाढता अशक्तपणा असेल, तर आधी सीबीसी तपासणी करून घ्या. ती साधी रक्त तपासणी आहे. वेळेवर केली तर पुढचे बरेच सोपे होते.