सुई, दाढ आणि दोन मिनिटं

"नीट जेव, नाहीतर डॉक्टरकाकांना इंजेक्शन द्यायला सांगीन!" हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. पुढे त्याच मुलाची दाढ किडते, रात्रभर ठणकते, आणि मग त्याच डॉक्टरकाकांपुढे त्याला तोंड उघडून बसायला सांगितलं जातं. ते बसत नाही, यात त्याचं काय चुकलं?

दाताच्या इंजेक्शनमध्ये दुखणं दोन प्रकारचं असतं. एक सुई टोचण्याचं आणि दुसरं औषध आत शिरताना पडणाऱ्या ताणाचं. लोक विचारतात सुईविषयी, पण पुष्कळदा दुसरंच जास्त त्रास देतं. एक मिलिलिटर औषध सोडायला साधारण एक मिनिट घ्यावा. घाईनं रेटलं, की मूल किंचाळलंच म्हणून समजा. टाळूची त्वचा तर हाडाला घट्ट चिकटलेली असते. तिथं औषधाला पसरायला जागाच नसते, म्हणून ते इंजेक्शन जास्त झोंबतं.

टोचणं सौम्य करायला हिरडी कापसानं कोरडी करून बधिर करणारं मलम लावतात आणि एक-दोन मिनिटं थांबतात. गर्दीच्या दवाखान्यात नेमकी हीच दोन मिनिटं वाचवली जातात! त्या वेळेला डॉक्टरांना जरूर आठवण करा, संकोच नको.

सुई टोचताना डॉक्टर गाल किंवा ओठ धरून हलवतात, तेही उगाच नव्हे. कोपर आपटलं की आपण ते चोळतो ना, तसंच हे. स्पर्शाच्या आणि दाबाच्या संवेदना वेदनेच्या संदेशाची वाट अडवतात, अशी उपपत्ती मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 साली मांडली.

आता पालकांचं काम. "अजिबात दुखणार नाही" असं सांगू नका. दुखलं की मुलाचा तुमच्यावरचा विश्वास उडतो. "जरा चिमटल्यासारखं वाटेल, मग दात झोपी जाईल" एवढं पुरे. मुलाचं वजन डॉक्टरांना नक्की सांगा, कारण औषधाचं प्रमाण त्यावर ठरतं. दोन वर्षांखालच्या बाळाच्या हिरड्यांना बेन्झोकेन असलेलं मलम मात्र स्वतःच्या मनानं लावू नका. त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता क्वचित धोकादायकरीत्या कमी होते.

आणि घरी आल्यावर दोन-तीन तास लक्ष ठेवा. ओठ बधिर असतो, मुलाला गंमत वाटते, ते चावत बसतं, आणि संध्याकाळी ओठ सुजून येतो. बधिरपणा जाईपर्यंत खायला देऊ नका.