नटाची एक बाजू आणि माझे साडेसहा हजार रुपये

गॅरेज टाकायचा विचार करणाऱ्यांसाठी आज एक छोटं काम घेतलंय: जुन्या जीपच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग ॲडजस्ट करणं. सामान जवळपास शून्य, पण चुकलात तर ग्राहकाचा जीव टांगणीला.

माझंच सांगतो. कराडला गॅरेज सुरू करून दुसरंच वर्ष होतं. बीबीएमुळे हिशेब पक्का होता, हात अजून कच्चा होता. एका गिऱ्हाइकाच्या जीपचं चाक हलत होतं. "घट्ट केलं की झालं" म्हणून मी नट गच्च आवळला. चाक हललं नाही, गिऱ्हाईक खूश. संध्याकाळी कुंभार्ली घाटातून फोन आला, "हबमधून धूर येतोय." ग्रीस वितळून बाहेर आलेलं, बेअरिंग निळं पडलेलं. नशीब, चाक निखळलं नाही. टोइंग, नवीन बेअरिंग आणि त्यांचा बुडालेला दिवस धरून माझ्या खिशातून साडेसहा हजार गेले.

चुकलं कुठे?

या जीपला टेपर रोलर बेअरिंग असतं. कप आणि रोलर यांच्यात केसाएवढी मोकळीक लागते. गच्च आवळलं तर गरम होऊन जळतं, सैल राहिलं तर चाक डुगडुगतं आणि टायर वेडावाकडा झिजतो. मारुती ८०० सारख्या फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाड्यांचं गणित वेगळं. तिथे नट ठरलेल्या टॉर्कने आवळायचा असतो, ही पद्धत तिथे वापरू नका.

आधी तपासणी

मागच्या चाकांना ओट लावा, पुढचं चाक उचला, खाली घोडी द्या. नुसत्या जॅकवर काम नाही म्हणजे नाही! चाक वर-खाली धरून हलवा. मग हेल्परला ब्रेक दाबायला सांगून परत हलवा. प्ले गेला तर बेअरिंगचा. तरीही राहिला तर किंगपिनकडे बघा. फिरवताना खरखर आली तर ॲडजस्टमेंटचा उपयोग नाही. बेअरिंग बदला, कपसकट.

आता काम

१. ब्रेक शू ड्रमला घासत नाहीत ना, बघा. घासत असतील तर सैल करा, नाहीतर हाताला चुकीचा अंदाज येतो.

२. हबचं झाकण काढा. फोर-व्हील असेल तर ड्राइव्ह फ्लँजही काढा. लॉक वॉशरचा वाकवलेला कान सरळ करून बाहेरचा नट आणि वॉशर काढा. ग्रीस काळं, कडक झालं असेल तर हब उतरवून नवीन भरा.

३. चाक हाताने फिरवत आतला नट आवळा. चाक जड झालं की थांबा. फिरवत राहिल्याने रोलर जागेवर बसतात. मी हेच केलं नव्हतं.

४. आता नट एक षष्ठांश फेरी मागे सोडा. नट षटकोनी आहे, म्हणजे बरोब्बर एक बाजू.

५. नवीन लॉक वॉशर, बाहेरचा नट आवळा आणि चाक परत तपासा. बाहेरचा नट आवळताना प्ले बदलू शकतो. सगळं ठीक असेल तरच वॉशरचा कान वाकवा. सैल केलेले शूही परत सेट करा.

६. आठ-दहा किलोमीटर ट्रायल घ्या. ब्रेक कमी वापरा, कारण ड्रमची उष्णताही हबला येते. उतरून हबला हात लावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर परत उघडा.

धंद्याचं गणित

बरेच जण प्ले दिसला की थेट बेअरिंग बदलायला सांगतात, कारण सामानावर मार्जिन मिळतं. ॲडजस्टमेंटला फक्त लेबर. म्हणून ते फुकट करू नका! वेळ मोजा, दर ठरवा, बोर्डवर लावा. ट्रायलचा वेळ त्यातच धरा आणि जॉब कार्डवर "हब तापमान पाहिलं" असा रकाना ठेवा. माझ्याकडे तो रकाना घाटातल्या त्या फोननंतर आला.

तो जीपवाला आजही माझ्याकडेच येतो. पैसे भरून दिले म्हणून नाही, असं तो म्हणतो. दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर हब उघडून मी म्हणालो होतो, "दादा, चूक माझी आहे." गॅरेज टाकाल तेव्हा चुका तुमच्याही होतील. हे वाक्य बोलायची तयारी आधीच ठेवा.