बियाणे आणि शेतकऱ्याचा हिशेब

मृग जवळ आला की शहरांतील सुशिक्षितांच्या तोंडी एक तक्रार हटकून येते. शास्त्रज्ञांनी सुधारित बियाणे सिद्ध केले. पण आमचा अल्पभूधारक शेतकरी जुने काही सोडीत नाही! शिक्षकी पेशात असताना आम्हीही हे वाक्य मोठ्या अभिनिवेशाने वर्गात उच्चारले आहे. आज ते परत घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ज्वारीचेच पाहा. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली आणि तिने व तिच्यामागून आलेल्या संकरित वाणांनी खरिपातील देशी ज्वारी मागे सारली. हे बियाणे घरी राखता येत नाही. दरसाल रोख पैसे मोजून आणावे लागते. शेतकरी परिवर्तनाचा वैरी असता तर त्याने हा खर्च अंगावर घेतलाच नसता. पण तोच शेतकरी सोलापूर-मराठवाड्याच्या काळ्या रानांत रब्बीला मालदांडीच पेरीत राहिला. ह्यात विसंगती कोठे आहे? रब्बीची ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर उभी राहते. त्या ओलीवर मालदांडी तग धरते, तिचा टपोरा मोत्यासारखा दाणा बाजारात भाव खातो, भाकरी गोड होते. आणि कडबा उंच व जनावरांना आवडणारा मिळतो. बुटक्या ताटाची संकरित ज्वारी पोती भरील. पण दावणीला काय घालावयाचे? खरिपातसुद्धा कणीस पावसात सापडले की दाणा बुरशीने काळा पडे आणि त्याचा भाव उतरे. एकरी उताऱ्याच्या तक्त्यात बैल आणि चूल ह्यांना रकाना नसतो. शेतकऱ्याच्या हिशेबात तो पहिला असतो.

आणखी एक गोष्ट आमचे वाचक विसरतात. मालदांडी ३५-१ हाही सुधारितच वाण आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडून काढलेला! शेतकऱ्याच्या रानातून तो निघाला, पारखून त्याच्याच रानात परत गेला, म्हणून टिकला.

बियाणे एकदा घेणे निराळे आणि पुन्हापुन्हा घेणे निराळे. दुसऱ्या खेपेला विश्वास लागतो. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलेच नाही अशा तक्रारी मराठवाडा-विदर्भातून ढिगाने आल्या. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी झालेल्या पावसाने बियाण्याची उगवणशक्ती घटली होती, हे कारण खरेही असेल. पण तीन एकरांच्या धन्याला वाफसा पुन्हा मिळत नाही, आणि दुबार पेरणीचे कर्ज सावकार कारण विचारून देत नाही. शेतकरी हा ग्राहक आहे व त्याला ग्राहक न्यायालयात दाद मागता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला खरा. तथापि न्यायालयाची तारीख पेरणीची तिथी पाहून पडत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. शेतकरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि सत्तर उगवले तर सोयाबीन पेरतो. हीच परीक्षा कृषिखात्याने प्रत्येक गावात विक्रीला आलेल्या बियाण्याची घ्यावी, आणि तिचा निकाल पेरणीपूर्वी पंधरा दिवस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा.