ए सेट, बी सेट आणि चुंबक

मे महिन्यातला नागपूरचा पेपर आठवा. पारा ४५ च्या वर, पंखे नावालाच, आणि बुद्धिबळाच्या पटासारखे वाटलेले ए सेट, बी सेट! सेमिनारमध्ये चुकलेलं एक उत्तर मला अशाच पेपरला सापडलं.

सेमिनारमध्ये मी ठोकून दिलं होतं, "चुंबकीय क्रम मोडते ती उष्णता." एका ज्युनियरनं विचारलं, "दादा, उष्णताच नसेल तर?" मी म्हटलं, "मग मोडणारच नाही." साफ चूक!

काही पदार्थांत शेजारशेजारचे स्पिन एक वर, एक खाली असे लागतात. बाहेरून चुंबकत्व शून्य, आत मात्र कडक शिस्त. हे अँटिफेरोमॅग्नेटिझम. शल आणि स्मार्ट यांनी १९४९ मध्ये न्यूट्रॉनच्या मदतीनं ही रचना प्रथम टिपली ती मँगनीज ऑक्साइडमध्ये. होय, आपल्या मनसरच्या खाणीतून ज्याचं खनिज निघतं, तेच मँगनीज!

आता लॅन्थेनम कॉपर ऑक्साइड घ्या. यात तांबं आणि ऑक्सिजनचे सपाट थर असतात. स्पिनला सगळ्या दिशा सारख्याच असतील, तर एकट्या थरात जराशी उष्णताही दूरवरचा क्रम टिकू देत नाही, हे मर्मिन आणि वॅग्नर यांनी १९६६ मध्ये सिद्ध केलं. इथे मात्र थराथरांतल्या किंचित ओढीमुळे क्रम सुमारे ३२५ केल्विनपर्यंत, म्हणजे ५२ अंश सेल्सियसपर्यंत टिकतो. आपल्या मे महिन्यालाही पुरून उरतो की!

मग तो मोडतो कशानं? त्या पेपरला एक बाक रिकामं होतं. सरांनी मागच्याला पुढे सरकवलं, आणि त्याच्या डावी-उजवीकडे त्याचाच सेट आला! इथेही तसंच. लॅन्थेनमच्या जागी थोडं स्ट्रॉन्शियम घातलं की इलेक्ट्रॉन कमी होतात, शेजारचे रिकाम्या जागी सरकतात आणि ए-बी बिघडतं. शंभर तांब्यांमागे दोन इलेक्ट्रॉन कमी झाले, की कितीही थंड करा, दूरवरचा क्रम येतच नाही. तापमान नव्हे, तर इलेक्ट्रॉनची संख्या किंवा दाब बदलून शून्य केल्विनलाही होणाऱ्या अशा बदलाला क्वांटम अवस्थांतर म्हणतात.

आणखी इलेक्ट्रॉन काढले, तर हाच पदार्थ थंडीत अतिवाहक होतो! बेडनोर्झ आणि म्यूलर यांनी १९८६ मध्ये याच कुळात, बेरियम घालून, ते दाखवलं. पुढच्याच वर्षी नोबेल. हे नेमकं का होतं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

तेव्हा ज्युनियर मित्रा, प्रश्न तुझाच बरोबर होता. उत्तराला उशीर झाला, माफ कर!