वीज गेली, काम कुठवर आलं होतं?

१२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा पट्ट्यातल्या वीजवाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांना नेणाऱ्या लोकल रुळांवरच उभ्या राहिल्या. वीज आल्यावर लोकल जिथे थांबली तिथूनच पुढे निघते. संगणकाच्या प्रोग्रामचं तसं नाही. आपण कुठवर आलो हे त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत असतं आणि विजेबरोबर तीही जाते.

समजा, डोंबिवलीतल्या ४०० सदनिकांच्या संकुलाची मेंटेनन्सची बिलं पायथनमधली एक प्रणाली काढते. बिल बनवायचं, ईमेल करायचं, परवानगी दिलेल्या खात्यातून रक्कम वळती करायची, पावती द्यायची. कुणाला स्क्रीनसमोर ताटकळत बसावं लागू नये म्हणून हे सारं मागे चालतं. पायथनवाले त्यासाठी वर्षानुवर्षं ‘सेलेरी’ वापरतात. ती कामं रांगेत लावते, ‘वर्कर’ ती उचलतो. मात्र मूळ सेटिंगमध्ये काम सुरू करण्याआधीच वर्कर रांगेला पोच देऊन टाकतो. सगळी बिलं एकाच कामात असतील आणि दोनशेवं बिल संपताच वर्कर बंद पडला, तर उरलेल्या २०० सदनिकांची आठवण रांगेला नसते.

‘टेम्पोरल’ आणि ‘डीबीओएस’ ही साधनं नेमकी हीच उणीव भरून काढतात. टेम्पोरल २०१९मध्ये उबरच्या माजी अभियंत्यांनी सुरू केलं. डीबीओएस आपल्या नोंदी पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ठेवतं. प्रत्येक पायरी संपली की तिचा निकाल कायमचा नोंदला जातो. वर्कर पुन्हा उठला की प्रोग्राम पहिल्या ओळीपासून चालतो, पण झालेली पायरी परत करत नाही. नोंदलेला निकाल वाचून पुढे सरकतो. ‘दहा दिवसांनी थकबाकीचं स्मरणपत्र’ ही सूचनाही अशीच टिकून राहते.

एक फट तरीही उरते. बँकेतून रक्कम वळती झाली आणि नोंद होण्याआधीच वीज गेली तर? प्रोग्रामच्या लेखी ती पायरी झालेलीच नाही. तो पुन्हा पैसे मागणार. म्हणून प्रत्येक बिलाच्या मागणीला एक न बदलणारा क्रमांक द्यावा लागतो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला, तर पेमेंट सेवेने पैसे न कापता पहिलंच उत्तर परत द्यायचं. ही सोय कोणतंही साधन आपोआप देत नाही. ती प्रोग्राम लिहिणाऱ्याने पेमेंट सेवेशी जुळवून घ्यायची असते. त्यामुळे प्रणाली रहिवाशांच्या हाती देण्याआधी प्रत्येक पायरीच्या अलीकडे-पलीकडे वर्कर मुद्दाम बंद पाडावा आणि एकाही सदनिकेचे पैसे दोनदा कापले गेले नाहीत ना, हे खात्यांशी ताडून पाहावं.