चिमणी नसलेला कारखाना

खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे म्हणून जुन्नर-आंबेगावात मोठे कारखाने येत नाहीत, ही तक्रार जुनी आहे. पुणे-नाशिक रेल्वेचा मूळ मार्गही याच दुर्बिणीपाशी अडला, तेव्हा ती आणखी कडवट झाली. तक्रारीत तथ्य आहेच. पण हल्ली तिला एक शेपूट फुटलंय: ‘कारखाना नको तर नको, निदान डेटा सेंटर तरी आणा. धूर नाही, पाणी नाही, आवाज नाही. वर सोलर टाकलं की विषय मिटला!’ चांगले शिकलेले लोकही हे ठासून सांगतात, तेव्हा हिशेब मांडणं भाग पडतं.

धूर निघतो. तो चंद्रपूर-कोराडीच्या वीजकेंद्रांत निघतो, म्हणून खोडदला दिसत नाही, एवढंच. 1 मेगावॅटचे सर्व्हर चोवीस तास चालले की दिवसाला 24,000 युनिट जळतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे रोज जवळजवळ 17 टन. यात थंडाव्याचा आणि इतर वरखर्च धरलेलाच नाही. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या जागतिक पाहणीत तो धरून एकूण वीज सर्व्हरच्या दीडपटीहून थोडी जास्त भरते. शिवाय 1 मेगावॅट म्हणजे या धंद्यात किरकोळच. पनवेलला 2020 मध्ये सुरू झालेल्या योट्टाच्या एका इमारतीची क्षमता 50 मेगावॅट सांगितली गेली होती.

आता सोलर. आपल्याकडे एक किलोवॅटचं पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतं. 24,000 युनिटांसाठी 6,000 किलोवॅट लागतील. जमिनीवर मांडायचे तर मेगावॅटला चार-पाच एकर धरा. झाले पंचवीस-तीस एकर. नारायणगावच्या टोमॅटोवाल्याला विचारा, देतो का. छपरावर काय मावणार? दिवे आणि लिफ्ट चालतील. बरं, रात्रीचं काय? दिवसाची वीज साठवायची सोय हवी. अकोले तालुक्यातल्या घाटघरला (नाणेघाटाजवळचं घाटघर वेगळं) 250 मेगावॅटचा प्रकल्प पाणी वर चढवून अशीच वीज साठवतो. ‘आम्ही शंभर टक्के हरित वीज वापरतो’ म्हणणाऱ्या कंपनीला एवढंच विचारावं: हिशेब वर्षाचा की तासातासाचा? वर्षाच्या बेरजेत दुपारची जास्तीची वीज रात्रीचा कोळसा झाकून टाकते.

पाणी नाही म्हणता? सर्व्हरची उष्णता पाणी वाफ करून घालवायची, तर 1 मेगावॅटला दिवसाला सुमारे 35,000 लिटर उडून जातं. दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर, रोज. कुकडीच्या आवर्तनावरून भांडणाऱ्या तालुक्यात हे कोण सोसणार? कोरड्या पद्धतीने थंड केलं तर पाणी वाचतं, पण एप्रिल-मेच्या उन्हात विजेचं बिल चढतं. दोन्ही एकदम वाचवून देतो म्हणणाऱ्याकडे आकडे मागा.

आणि ‘आवाज नाही’ हे तर खोडदच्या शेजारी बसून बोलूच नये. तिथल्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना साधारण 120 ते 1450 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आकाशातून येणारे अतिक्षीण संकेत टिपतात. सर्व्हर, त्यांचे वीजपुरवठे, सोलरचे इन्व्हर्टर या सगळ्यांचा रेडिओ-गोंगाट त्याच पट्ट्यात पसरतो. जीएमआरटीला स्वतःचे संगणकही धातूचं कवच असलेल्या खोलीत कोंडावे लागतात.

मग हरित डेटा सेंटर ही थापच? नाही. उत्तराचा एक भाग खोडदलाच बघायला मिळतो. 400 मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला की 30 अँटेनांच्या दोन-दोन ध्रुवणांतून मिळून सेकंदाला 48 अब्ज नमुने येतात. ते सगळे साठवत बसले तर गोदामं पुरायची नाहीत. तिथला कोरिलेटर ते जागच्या जागी एकमेकांशी ताडून बघतो, सरासरी काढतो आणि फक्त कामाचा अर्क ठेवतो. जे साठवलंच नाही, त्याला डिस्क नको, वीज नको, थंडावा नको. आपण मात्र ‘शुभ सकाळ’चे तेच फोटो सात ठिकाणी जपून ठेवतो.

उरलेल्या समजुती झटपट. ‘सर्व्हरला बर्फासारखी थंडी लागते’: नाही, शीतकरण अभियंत्यांच्या ॲशरे या संस्थेच्या शिफारशीत आत घेतलेली हवा 27 अंशांपर्यंत चालते. ‘पाणी आणि संगणक एकत्र येऊच शकत नाहीत’: पुण्यातल्या आयसरच्या परम ब्रह्ममध्ये द्रव थेट प्रोसेसरवरच्या पट्टीतून खेळवतात. ‘एआयमुळे जगाची निम्मी वीज जाते’: आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने 2024 मध्ये सगळ्या डेटा सेंटर्सचा वाटा दीड टक्का होता, तो वाढतोय, हेही खरं. ‘जीएमआरटीच लहरी सोडतं’: ती दुर्बीण फक्त ऐकते. लहरी सोडतो तो तुमच्या खिशातला मोबाइल.