गाठोड्यात मावणारी सायकल

पेणहून रोह्यापर्यंत रेल्वे १९८६ साली पोचली. पण स्टेशनापासून आपलं गाव चार कोस आत असलं, तर गर्दीच्या डब्यात सायकल चढवायची कशी? सांगाडाच दोन तुकड्यांचा केला, तर चाके काढून ती गाठोड्यात मावेल. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या बी. एस. ए. कारखान्याने छत्रीसैनिकांसाठी बिजागरीवर दुमडणारी सायकल काढली होती.

आता कापायचं कुठं? वरच्या आडव्या दांड्यावर आणि खालच्या तिरक्या दांड्यावर. पुढच्या चिमट्याला मात्र हात लावू नका. नळीत नळी सरकवून नुसता बोल्ट मारला, की जोड खेळू लागतो, भोक वाढतं आणि तिथंच चीर जाते. म्हणून जोडाच्या दोन्ही तोंडांना एकमेकांत बसणारे दाते हवेत. ते पीळ सोसतात. वरून आट्यांची कडी दोन्ही तोंडं आवळून धरते. जोडकाम कसबी मिस्त्रीकडूनच करून घ्या. पातळ नळी फार तापली की कमजोर होते.

आपली हवा खारी. आट्यांना ग्रीस लावा, आणि दर वेळी कडी पान्याने आवळून मगच सायकलीवर बसा. सुकेळी खिंडीच्या उतारावर ढिली कडी आठवून काय उपयोग?